चौकटीबाहेरचे पाय

आमच्या दाजींच्या तळपायांची आग ज्या मंगळवारी थांबली, त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी फोनच्या पडद्यासमोर बसून टाळ्या वाजवल्या होत्या. दाजी, माझी ताई आणि मी. पडद्यावरच्या समुपदेशक बाईंनीही वाजवल्या. मग हिरवी बरोबरची खूण आली आणि तिच्याखाली 'अभिनंदन' अशी अक्षरं उमटली. ते आठवलं की आजही माझ्या मस्तकाची शीर उठते, आणि सगळ्यात जास्त राग मला माझ्याच हातांचा येतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंद्याने शिंपी. गिऱ्हाइकं त्यांना मास्तर म्हणतात. घराखालीच रस्त्याकडे तोंड करून त्यांचं दुकान आहे. दुकान म्हणायचं आपलं, आहे ती दहा बाय आठची खोली. एक पायमशीन, एक कापायचं टेबल, भिंतीला उंच आरसा, कोपऱ्यात इस्त्री, आणि दोरीवर शिवून तयार असलेले पण न्यायला न आलेले कपडे. त्यातली एक विजार इतकी वर्षं टांगलेली आहे की तिचा मालक आला तरी आता तिच्यात मावणार नाही. ताई म्हणते टाकून द्या. दाजी म्हणतात, "माणूस बारीक झाला तर?"

मशीनला मोटर लावून घ्या, असं त्यांना शंभर जणांनी सांगितलं. दाजी ऐकतील तर शपथ. ते अनवाणी शिवतात. चपला दाराशी, आणि उघडे पाय पॅडलवर. टाका कसा पडतोय हे त्यांना डोळ्यांच्या आधी तळव्याला कळायचं. कापड जाड आलं, दोरा अडकला, बॉबिन संपत आली, सगळं पायातून वर यायचं. एकदा मी समोर बसून बडबड करत होते तर मध्येच थांबून म्हणाले, "मेहुणीबाई, जरा दम घ्या, दोरा तुटतोय." आणि खरंच दुसऱ्या क्षणी तुटला. असा माणूस.

त्यांचा आणखी एक नियम होता. मशीनची सुई मोडली की मोडलेले तुकडे शोधायचे, टेबलावर शेजारी शेजारी ठेवायचे, आणि सुई पूर्ण जुळली की मगच दुसरी सुई लावायची. टोकाचा तुकडा एखाद्याच्या कपड्यात राहिला आणि अंगाला टोचला तर? चाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला त्यांच्या हातची सुई टोचलेली नाही, हे ते छाती पुढे काढून सांगायचे. हा नियम लक्षात ठेवा. मला तो विसरायचाय, पण जमत नाही.

साखर निघाली त्याला नऊ वर्षं झाली. सुरुवातीला महिन्यातून एकदा दवाखान्यात जावं लागायचं. तिथे मागच्या बाजूला मधुमेहाच्या सल्ल्याची एक खोली होती आणि त्या खोलीत एक आडव्या बांध्याच्या, खणखणीत आवाजाच्या बाई बसायच्या. नमस्कार-चमत्कार काही नाही. दारात माणूस दिसला की त्या एकच शब्द उच्चारायच्या: "चपला!" चपला काढल्याशिवाय खुर्चीवर बसता यायचं नाही. मग त्या स्वतः खाली स्टुलावर बसून पाय हातात घ्यायच्या, बोटांच्या फटी बघायच्या, टाचा दाबायच्या, कापसाचं टोक फिरवायच्या. काय खाता, किती खाता, गोळी कधी घेता, ही चौकशी पाय हातात धरूनच चालायची. दाजींना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. जायच्या आदल्या दिवशी ते पाय घासून धुवायचे, जणू पाहुण्यांकडे निघालेत.

मग ती खोली बंद झाली. दारावर कागद लागला: आता समुपदेशन घरबसल्या. त्या बाईंचं पुढे काय झालं, कुणास ठाऊक. कागदावर त्यांच्याबद्दल काहीच नव्हतं.

मी खोटं बोलणार नाही. घरबसल्या प्रकाराने सुरुवातीला आम्हाला बरंच वाटलं. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुपारी तीन वाजता फोनवर दुवा यायचा. तो दाबला की पडद्यावर आधी एक लांबट गोल यायचा. चेहरा त्या गोलात बसवायचा. बसला की गोल हिरवा व्हायचा आणि बाई दिसायच्या. महिनाभर बोट टोचून घेतलेले साखरेचे आकडे आपण आधीच भरून ठेवलेले असायचे, ते त्यांच्यासमोर असायचे. त्यावरून त्या बोलायच्या. पंधरा मिनिटं. त्यातली शेवटची पाच प्रश्नावलीची.

बाई वयाने लहान, माझ्या भाचीएवढ्या. आवाज गोड, वागणं नम्र. त्यांच्या पाठीमागे हिरव्या पानांची एक कुंडी दिसायची. ती दोन वर्षं तेवढीच राहिली, एक पान वाढलं नाही की एक गळलं नाही, म्हणून मी त्यांचं नाव कुंडीवाली ठेवलं. पण काम चोख. दाजी दवाखान्यात रांगेच्या धाकाने जे कधी बोलले नव्हते ते कुंडीवालीशी बोलले. काम अंगावर आलं की दुपारचं जेवण चार वाजता होतं, मग हात थरथरतात, मग चहात दोन चमचे साखर जाते आणि वर बिस्किटं. बाईंनी ओरडाआरडा केला नाही. "काका, कात्री खाली ठेवायची एक वेळ ठरवू या," एवढंच म्हणाल्या. एक वाजता फोनचा गजर लावायला लावला. साखर खाली आली. आम्ही त्यांना आशीर्वाद दिले, आणि ते चुकीचं नव्हतं.

फोन मी धरायचे. मी दोन गल्ल्या सोडून एकटी राहते, दुपारी मला काम नसतं. आणि दाजींचे हात कधीच मोकळे नसतात. बोलताना उसवणं, टाचणं, खडूने आखणं चालूच. फोन टेबलाला टेकवून ठेवला की घसरायचा, चेहरा गोलाबाहेर जायचा आणि पडदा लाल व्हायचा: 'चेहरा चौकटीत नाही. दहा सेकंदांत सत्र बंद होईल.' मग नऊ, आठ, सात. म्हणून मी दोन्ही हातांनी फोन धरून समोर बसायचे. दाजी त्या दिवसापुरते केस विंचरायचे, बरा सदरा घालायचे. गळ्यात टेप. पडद्यावर माणूस कसा रुबाबदार दिसायचा! सदऱ्याच्या दुसऱ्या बटणाखालचं काही दिसतच नव्हतं.

प्रश्नावलीत चौदावा प्रश्न पायांचा होता. पायात वेदना, जळजळ किंवा मुंग्या आहेत का? पहिले काही महिने दाजी म्हणायचे, "जळजळ आहे हो मॅडम. निखाऱ्यावर पाय ठेवल्यासारखं होतं." कुंडीवालींनी डॉक्टरांना कळवलं, गोळी बदलून मिळाली. आणि मग एका मंगळवारी दाजी म्हणाले, "मॅडम, आग थांबली. काही दुखत नाही, काही जळत नाही."

तेव्हाच्या त्या टाळ्या.

पुढच्या खेपेला तर त्यांनी कमालच केली. खुशीत येऊन म्हणाले, "मॅडम, आता तर पॅडल पायाखाली आहे की नाही तेसुद्धा कळत नाही, इतकं हलकं चालतं."

कुंडीवाली हसल्या. मी हसले. खाली काज करत बसलेली ताई म्हणाली, "वजन उतरलंय ना तुमचं." कुंडीवालींनी टाइप केलं. त्या दिवसाच्या नोंदीची प्रत नंतर मी मिळवली. तिच्यात लिहिलंय: 'पायाच्या तक्रारी नाहीत. कामाचा ताण कमी.'

ज्या माणसाला तुटणारा दोरा तळव्याला आधी कळायचा, तो माणूस सांगतोय की मला पॅडल कळत नाही. आणि आम्ही तीन बायका हसतोय. आग थांबली ती पाय बरा झाला म्हणून नव्हे. ज्याला आग कळायची तेच मेलं होतं म्हणून. हे त्या खोलीतल्या बाईंना कापसाच्या एका टोकाने कळलं असतं. प्रश्नावलीला ते कळायची सोयच नव्हती, कारण तिच्यात दुखतं का असं विचारलं होतं, कळतं का असं विचारलंच नव्हतं.

पाय बोलायचा बंद झाला तसे टाके बिघडायला लागले. कुठे बारीक, कुठे लांब. एका कोटाची बाही गिऱ्हाइकाने परत आणली. दाजींचा चेहरा पडला. पण त्यांनी दोष कुणाला दिला? मशीनला! पट्टा बदलला. तेल घातलं. चाक उघडलं. मशीनवाल्या मिस्त्रीला दोनदा बोलावलं. तो म्हणाला, "मास्तर, मशीन ठणठणीत आहे." दाजी त्याच्यावर उखडले. "चाळीस वर्षं पाय ठेवतोय मी हिच्यावर, मला शिकवतोस?" मिस्त्री बिचारा खांदे उडवून गेला. आपला पायच गैरहजर आहे, हे त्यांच्या मनातही आलं नाही. कसं येईल? शिंप्याला शिलाई वाकडी गेली की आधी मशीनच दिसतं.

आणि मग सुई मोडली.

एका बाईंच्या मुलीला नवी नोकरी लागली होती, तिचा कोट होता. जाड कापड, आत अस्तर. शिवणीच्या सांध्यावर सुई कडकन मोडली. वरचा तुकडा मशीनमध्ये राहिला, टोक गायब. दाजींनी काम थांबवलं. कोट झटकला. चुंबक फिरवला. टेबल, ड्रॉवर, चिंध्यांची पेटी. नाही. मग त्यांनी तो कोट उसवला. अख्खं अस्तर काढलं, वीतवीत कापड बोटांनी चाचपलं, परत शिवलं, समाधान झालं नाही म्हणून पुन्हा उसवलं. चार दिवस गेले. त्या बाई दारात येऊन बोलून गेल्या, मुलगी जुन्या कोटावर कामाला गेली. दाजींनी मान खाली घालून ऐकून घेतलं, पण टोक कोटात नाही याची खात्री होईपर्यंत कोट दिला नाही. वरचा तुकडा एका काड्यापेटीत घालून ड्रॉवरमध्ये ठेवला. म्हणाले, "जुळल्याशिवाय चैन पडणार नाही."

सगळीकडे शोधलं त्यांनी. एक जागा सोडून.

तीन आठवड्यांनी महिन्याचा दुसरा मंगळवार आला. तीन वाजले. मी फोन धरून बसले, गोल हिरवा झाला, कुंडीवाली दिसल्या. आकडे बघून म्हणाल्या, "काका, या आठवड्यात साखर चढलेली दिसते. काही ताप, काही दुखणं?"

"छे. गोळ्या वेळेवर, जेवण वेळेवर."

त्याच वेळी ताई मशीनखालच्या चिंध्या गोळा करत होती. पांढऱ्या अस्तराचा एक तुकडा हातात धरून ती म्हणाली, "अहो, हे डाग कसले? परवाही होते. मला वाटलं तेल सांडलं."

"टाचणी लागली असेल बोटाला."

"बोटं दाखवा बरं."

दाजींनी दहाही बोटं दाखवली. कुठे काही नव्हतं. पडद्यावर कुंडीवाली चौदाव्या प्रश्नावर आल्या होत्या. "काका, पायात वेदना, जळजळ किंवा मुंग्या?"

"काही नाही मॅडम."

ताई खाली वाकलेली होती. तिने त्यांचा उजवा पाय पॅडलवरून उचलला, तळवा वर केला, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी माझ्या बहिणीच्या तोंडून आई गेली त्या दिवसानंतर ऐकला नव्हता.

मी फोन खाली नेला. विचार करून नव्हे, हातच गेला. अंगठ्याच्या मुळाशी रुपयाएवढी काळी जखम, कडेला पांढरी फुगलेली कातडी, अंगठा निळसर सुजलेला. आणि इतका वेळ माझ्या नाकाला कसा कळला नाही तो वास.

पडदा लाल झाला. 'चेहरा चौकटीत नाही. दहा सेकंदांत सत्र बंद होईल.'

"मावशी, तसाच धरा! हलू नका!" कुंडीवाली ओरडल्या. नऊ, आठ. "अजून जवळ... अरे देवा. मावशी, ऐका, आत्ताच्या आत्ता..."

आणि पडदा बंद. सत्र समाप्त. वर पाच चांदण्या आल्या: 'आपला अनुभव कसा होता?'

मी त्या फोनला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दाजी मात्र शांत होते. पाय मांडीवर घेऊन एखाद्या परक्या माणसाचा पाय बघावा तसे बघत होते. "दुखत तर नाही," म्हणाले.

दोन मिनिटांत माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. कुंडीवाली! स्वतःच्या फोनवरून. "मावशी, मला असा फोन करायची परवानगी नाही, पण ऐका. पाय जमिनीवर टेकवू देऊ नका, आणि आत्ता निघा. उद्या नाही, संध्याकाळी नाही. आत्ता. मोठ्या दवाखान्यात, जिथे ऑपरेशन होतं तिथे." पाठीमागून दुसऱ्या किती तरी बायकांचे बोलण्याचे आवाज येत होते. कुंडी तिथे कुठेच नसणार.

दवाखान्यात पायाचा एक्स-रे काढला. त्यात अंगठ्याच्या मागे एक पांढरी रेघ आडवी दिसत होती, जेमतेम नखाएवढी. डॉक्टरांनी विचारलं, "हे काय आहे?" आम्हा तिघांनाही बघताक्षणी कळलं होतं.

ऑपरेशनच्या आधी एक सिस्टर आल्या. त्यांच्या हातात नायलॉनच्या दोऱ्याचा एक ताठ तुकडा होता. दाजींना म्हणाल्या, "डोळे मिटा. दोरा टेकला असं वाटलं की सांगा." दाजींनी डोळे मिटले. दोऱ्याच्या बाबतीत त्यांना कोण हरवणार? नुसत्या चिमटीत धरून दोरा कुठल्या जातीचा ते सांगणारा माणूस. सिस्टरनी दहा ठिकाणी दोरा टेकवला. दोरा वाकेपर्यंत दाबला. दाजी एकाग्र होऊन पडले होते. सिस्टरनी दोरा पेटीत ठेवला, कागदावर लिहिलं, निघाल्या. तेव्हा दाजी डोळे न उघडता म्हणाले, "सिस्टर, सुरुवात कधी करताय?"

ताई पदर तोंडात कोंबून बाहेर गेली.

अंगठा आणि शेजारचं बोट गेलं. पाऊल वाचलं. डॉक्टर म्हणाले, आणखी चार दिवस गेले असते तर घोट्यापर्यंत गेलं असतं. आणि म्हणाले, डावा पाय याच वाटेवर आहे, तो रोज बघायचा, एकही दिवस चुकवायचा नाही. तो वाचला तर मास्तर मशीनवर परत बसतील.

काढलेला सुईचा तुकडा त्यांनी एका बाटलीत घालून दिला. दुसऱ्या दिवशी दाजींनी मला काय आणायला सांगितलं असेल? ड्रॉवरमधली काड्यापेटी. चादरीवर दोन्ही तुकडे शेजारी शेजारी ठेवले, डोळ्यांजवळ नेऊन बघितले. "जुळली," म्हणाले. चेहऱ्यावर काय तो आनंद! "मेहुणीबाई, त्या बाईंना सांगा, पोरीच्या कोटात नव्हती."

"आग लागो त्या कोटाला!" मी ओरडले. अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. "माणसाची दोन बोटं गेली आणि तुम्हाला कोटाचं पडलंय!"

"बोटं माझी होती," दाजी म्हणाले. "कोट दुसऱ्याचा होता."



घरी येऊन मी तक्रार लिहिली. एकतीस वर्षं मी एका सरकारी कचेरीत खिडकीमागे बसून लोकांचे अर्ज घेतले आहेत. अर्ज कसा लिहायचा ते मला कुणी शिकवायला नको. तारीख, वार, वेळ, चौदावा प्रश्न, नऊ-आठ-सात, सगळं लिहिलं. विचारलं, की चेहरा बघून मधुमेह्याचा पाय कसा कळतो ते मला समजावून सांगा. दोन तासांत उत्तर आलं. 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मौल्यवान आहे. तांत्रिक नोंदीनुसार रुग्ण चौकटीबाहेर गेल्याने सत्र थांबले. कृपया पुढील वेळी फोन स्थिर धरावा.'

फोन स्थिर धरावा! अहो, स्थिर धरला म्हणून तर हे झालं! दोन वर्षं मी तो दोन्ही हातांनी चेहऱ्यावर स्थिर धरून बसले होते. पाय तिथून हातभर खाली होते. हातभर! एकदा मनगट वळवलं असतं तर पुरे होतं. त्या खोलीतल्या बाई पाय बघायच्या हे मला माहीत नव्हतं का? दाजींबरोबर चार वेळा मीच गेले होते. पण पडद्याने चेहरा मागितला, मी चेहरा दिला. खिडकीमागे बसून मी तरी काय वेगळं केलं होतं? अर्जात रकाना नसेल तर ती गोष्ट सांगू नका, मागे रांग आहे, असंच म्हणत आले.

कुंडीवालींवर मला सगळा राग काढायचा होता. पंधरा दिवसांनी त्यांनी परत चोरून फोन केला तेव्हा काढायला सुरुवातही केली. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मावशी, माझ्या पानावर तो प्रश्न नाही. दिवसाला बावीस माणसं असतात. पण काकांनी पॅडल कळत नाही म्हटलं ना, ते मला कळायला हवं होतं. आम्हाला शिकवलेलं असतं. मी हसले." राग गेला असं नाही. तो आता त्या दिवशी हसलेल्या आम्हा तिघींत वाटला गेला, आणि मोठा वाटा अजूनही त्या लाल पडद्याचा.

मधला एक मंगळवार चुकला, आणि ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी पुन्हा महिन्याचा दुसरा मंगळवार आला. ताईने एक युक्ती केली. दाजींना खुर्चीवर न बसवता कापायच्या टेबलावर बसवलं, पाय लांब पसरून. फोन घेऊन मी टेबलाच्या टोकाशी उभी राहिले. आता पडद्यावर पुढे भलेमोठे दोन तळवे, एकाला पांढरी पट्टी, आणि त्यांच्या मागे दोन पावलांच्या मधोमध दाजींचा एवढासा चेहरा. गोल हिरवा झाला. कसलीही तक्रार न करता झाला. इतकं सोपं होतं ते. कुठल्याही मंगळवारी करता आलं असतं.

कुंडीवालींनी आकडे बाजूला ठेवले. "काका, आधी डावा पाय. डोळे मिटा. मावशी, तुमच्या तर्जनीचं टोक एकेका बोटावर नुसतं टेकवायचं. दाबायचं नाही, चोळायचं नाही. काका, टेकलं की 'लागलं' म्हणायचं."

ताईने फोन माझ्याकडून घेतला. मी दाजींच्या पायाशी आले. इतक्या वर्षांत मी त्यांच्या पायाला कधी हात लावला नव्हता. त्यांनी डोळे घट्ट मिटले होते, कपाळावर आठ्या, परीक्षेला बसलेल्या पोरासारखे.

"लागलं," दाजी म्हणाले.

माझं बोट अजून हवेत होतं.

ताईने माझ्याकडे बघितलं. पडद्यावर कुंडीवालींचा हात तोंडावर गेला. दाजी डोळे मिटून शाबासकीची वाट बघत होते. दोन वर्षं त्यांना हेच तर शिकवलं होतं आम्ही सगळ्यांनी. काय बोललं की हिरवी खूण येते, ते.

"दाजी," मी म्हणाले. "मी अजून हात लावलेला नाही."

त्यांचा चेहरा उतरला. डोळे मात्र त्यांनी उघडले नाहीत. "बरं. परत करा," एवढंच म्हणाले.

मी करंगळीवर बोट टेकवलं. बराच वेळ गेला. दाजींच्या गळ्यातला टेप श्वासाबरोबर वरखाली होत होता.

"लागलं. थोडंसं."

मग मधल्या बोटावर. "थोडंसं."

मग अंगठ्यावर टेकवलं. बोट तसंच ठेवलं. एक, दोन, तीन. दाजींचे ओठ हलले, थांबले. त्यांनी हात पुढे करून टेबलाची कड धरली.

"नाही," ते म्हणाले. "मॅडम, तिथे मला काही कळत नाही."

"मावशी, बोट तिथेच आहे ना तुमचं?" कुंडीवालींनी विचारलं.

"आहे," मी म्हणाले. "लिहा."